सांभाळायला दिलेला लढवय्या

झेरॉक्सच्या दुकानात ऐन वेळी वीज गेली नसती, तर मी जशी आले तशीच लखनौ सोडलं असतं — दोन बॅगा, एक हीटर, आणि निरोप घ्यायला कोणीच नाही.

जानेवारीतला शनिवार होता. दुपारचे बारा वाजले तरी भूतनाथ मार्केटवरचं धुकं उठायला तयार नव्हतं. माझ्या हातात विनंती बदलीचा अर्ज होता, मला घरी, साताऱ्याला पाठवा म्हणून. पुढे मरून रंगाचा मफलर गुंडाळलेला एक उंच माणूस उभा होता. मी बँकेच्या तपासणी विभागात आहे. दिवसभर शाखांमधल्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळी तीच नजर माणसांवर फिरवायची, हा माझा उद्योग. म्हणून खात्रीने सांगते, त्या माणसाने दहा मिनिटांत तीन जणांना स्वतःच्या पुढे जाऊ दिलं. एक आजोबा, एक शाळकरी मुलगी, आणि एक धडधाकट गृहस्थ, ज्यांना कसलीही घाई नव्हती. माझ्यासाठीही तो बाजूला सरकला तेव्हा मला राहवलं नाही.

"भाईसाहब, ऐसे तो आपका नंबर मार्च में आएगा."

तो हसला. फार नाही... ओठांचा एकच कोपरा. "कोई बात नहीं," म्हणाला, "हमारा काम छोटा है."

तेवढ्यात वीज गेली. दुकानदाराने अंधारात मशीनमधले आणि काउंटरवरचे सगळे कागद गोळा केले, आणि अंदाजाने दोन गठ्ठे करून आमच्या हातात कोंबले.

इंदिरा नगरमध्ये प्रतिमाजींच्या घरी वरच्या मजल्यावर माझी भाड्याची खोली होती. तिथे पोचून गठ्ठा उघडला, तर अर्जाची प्रत गायब आणि तिच्या जागी एक भलताच कागद. वर लिहिलं होतं, 'खिलाड़ी — विनय दामले'. आणि खाली, सुबक अक्षरात:

'नाम — कैरव. वंश — अर्ध-एल्फ. पेशा — योद्धा. आयु — बासठ, देखने में सत्ताईस. माँ — इंसान, समुद्र किनारे के गाँव की. पिता — जंगल के, कान नुकीले. स्वभाव — सबसे विनम्र, क्योंकि कहीं का नहीं.'

मी तीनदा वाचलं. एल्फ म्हणजे परीकथांमधले टोकदार कानांचे वनवासी, एवढंच ठाऊक होतं. आजवर हजारो ओळखपत्रं तपासलीत, पण 'कहीं का नहीं' हा पत्ता पहिल्यांदाच बघत होते.

अर्ध्या तासात फोन आला. "जी, नमस्कार. आपका एक फॉर्म हमारे पास आ गया है. उस पर नंबर था, इसलिए..."

"आणि तुमचा एक योद्धा माझ्याकडे आलाय, दामले," मी मुद्दाम मराठीत म्हटलं.

पलीकडून हळूच, "उसे ठंड तो नहीं लग रही?"

मी हसले. मोठ्याने. भिंतीवरून आवाज परत आला तेव्हा लक्षात आलं, या खोलीत आठ महिन्यांत हा आवाज कधी झालाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता मी कागद परत करायला गेले. पत्ता त्याच्या मित्राचा होता, राघवचा, दोन गल्ल्या मागे. राघव क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवतो. गच्चीवर ऊन होतं, चटई होती, मीठ-मिरची लावलेले पेरू होते, आणि मटार सोलत बसलेली चेतना, दातांची डॉक्टर. मध्ये फासे. एकाला वीस बाजू.

"खेल सीधा है," राघव मला म्हणाला. "कहानी हम सुनाएँगे. आप लोग बताएँगे कि आपका किरदार क्या करता है. हुआ कि नहीं हुआ, वह पासा बताएगा."

तीन वर्षं हे तिघे दर रविवारी एक न संपणारी गोष्ट खेळत होते. चेतना जादूगारीण होती आणि विनय हा अर्ध-एल्फ. दिवसा तो सोलर पॅनेल बसवणाऱ्या कंपनीत होता. वडील रेल्वेत इंजिनिअर, आई रत्नागिरीची, जन्म इथला. मराठी सगळी कळायची, पण उत्तर हिंदीत. रत्नागिरीत मामेभावंडं त्याच्या मराठीला हसायची, आणि लखनौत सत्तावीस वर्षांनंतरही लोक विचारायचे, आप बंबई से हैं? त्याने हे सगळं पेरूची एक फोड संपायच्या आत सांगितलं, जणू दुसऱ्या कुणाबद्दल बोलतोय.

दुसऱ्या दिवशी तो कामासाठी झाशीला निघणार होता, पाच आठवड्यांसाठी. आणि त्या गच्चीवर एक रिवाज होता. खेळणारा नसला तरी त्याचं पात्र थांबत नाही, दुसरं कोणीतरी ते चालवतं.

"तो कैरव को ये चलाएँगी," राघवने जाहीर करून टाकलं. "एक रात इनके घर रह ही आया है."

चेतना खुदकन हसली. विनयचे कान लाल झाले. टोकदार नव्हते, मी नीट पाहिलं.

"कठीण आहे का?" मी विचारलं.

"नहीं." त्याने तोच कागद परत माझ्यापुढे धरला. आमची बोटं एकाच कोपऱ्यावर आली, मटार सोलून गारठलेली. "बस... यह सबसे आगे खड़ा रहता है. तीर पहले इसको लगना चाहिए. इतना ही काम है इसका."

मी कागद घेतला. घडी न घालता फाइलमध्ये ठेवला.

दर रविवारी संध्याकाळी सातला झाशीहून फोन यायचा.

"कैसा रहा वह आज?"

"शहाणा होता. चिखलात पाय घातला नाही."

"जूते वैसे भी फटे हैं उसके."

"नवे घेतले. वाटेत बाजार लागला होता. आणि एक कांबळं पण घेतलं, जंगलात दव पडतं."

"आपने... उसके लिए कंबल लिया?"

"का? चालत नाही का तुमच्या नियमात?"

"नहीं, चलता है. तीन साल में किसी को सूझा नहीं. मुझे भी नहीं."

"तुमच्याकडे आहे ना पांघरूण, तिकडे?"

"है."

"मग बरं. एकदम दोघांची काळजी मला झेपायची नाही."

अशी ती बोलणी. सगळी 'त्या'च्याबद्दल. तो आज गप्प का होता, त्याला हसू कशाचं आलं, नदीकाठी बसून त्याने कुणाची आठवण काढली. मी विचारायचे, "त्याला कुणी आवडलंय का आजवर?" तिकडून उत्तर यायचं, "काग़ज़ पर लिखा नहीं है." मी म्हणायचे, "कागदावर जागा खूप आहे." आणि फोन कुणी ठेवायचं नाही.

दुसऱ्या रविवारी बोलणं संपता संपता तो अचानक म्हणाला, "तू... जेवलीस?"

पहिलं मराठी वाक्य. आप नाही, तुम्ही नाही, एकदम तू. काचेचं भांडं टेबलावर ठेवावं तसं जपून ठेवलेलं. मी हसले नाही. हसले असते तर पुन्हा कधी आलं नसतं ते.

"जेवले," मी म्हटलं. "भरीत केलं होतं."

उरलेले सहा दिवस होते तसेच होते. ऑफिसात जेवताना सहकारी प्रेमाने विचारायचे, घर कब जा रही हैं? प्रतिमाजी जिन्यात भेटायच्या आणि विचारायच्या, घर कब जा रही हो बेटा? सगळे चांगलेच होते. फक्त सगळ्यांनी मला परत जाणारी म्हणूनच धरलं होतं, आणि मीही. एका ताटलीत जेवायचं, एक वाटी धुवायची, हीटरच्या लाल तारेकडे बघत झोपायचं. फरक इतकाच, की आता मला रविवार कुठल्या दिशेला आहे ते कळायचं.

तिसऱ्या रविवारी तो मला विचारत होता, कैरवने गुहेत मशाल कुठल्या हातात धरली होती. आणि त्याच्या आवाजामागून एक बाई बोलली. रोज संध्याकाळी ऑफिसातून येताना ऐकते तीच बाई, तोच गोड सूर... अगला स्टेशन मुंशी पुलिया.

झाशीत मेट्रो नाही.

मी खिडकीपाशी गेले. मुंशी पुलिया माझ्या खोलीपासून पायी बारा मिनिटं. कदाचित तो आत्ता डब्यातून उतरत असेल, एका हाताने कानावर फोन दाबून, दुसऱ्याने मफलर सावरत.

"तिकडे थंडी कशी आहे?" मी विचारलं.

"बहुत है," तो म्हणाला.

इतरांच्या चुका पकडायचा पगार घेते मी. ही पकडली आणि खिशात घातली. विचारलं असतं तर तो म्हणाला असता, हो, परत आलोय, पण रविवारी यावंसं वाटत नाही. आणि मग फोनही गेला असता. म्हणून मी म्हटलं, "डाव्या हातात. मशाल डाव्या हातात धरली होती." फोन संपल्यावर बराच वेळ खालचा रस्ता बघत उभी राहिले. मरून मफलर लखनौत पुष्कळ आहेत. त्यातला एकही माझ्या फाटकाशी थांबला नाही.

त्या दिवसापासून मला एवढंच कळून घ्यायचं होतं, या माणसाला मी हवी आहे की नको. आणि विचारायची हिंमत नव्हती.

चौथ्या रविवारी मी चूक केली.

राघवच्या गोष्टीत आम्ही एका पडक्या किल्ल्यात शिरत होतो. दाराआड धनुर्धारी होते हे सगळ्यांना ठाऊक होतं. अशा वेळी लढवय्याने पुढे व्हायचं असतं. पण माझ्या मनात आलं, दुसऱ्याची वस्तू आहे. नवे बूट आहेत. ओरखडाही न पडता परत करायचा आहे. माणूस स्वतः लपलाय, निदान याला तरी मी धड ठेवीन.

"कैरव मागे थांबतो," मी म्हटलं. "भिंतीआड."

राघवने भुवया उंचावल्या. "पक्का?"

"पक्कं."

बाण सुटला. समोर चेतनाची जादूगारीण होती, सुती झग्यातली. राघवने फासा टाकला, बघितला, आणि उचलायच्या आधी जरा वेळ तसाच राहू दिला.

"नहीं बची," म्हणाला.

चेतनाच्या हातातली मटारची शेंग अर्धी सोललेली राहिली. "तीन साल से चला रहे थे हम इसको, जुई जी," ती म्हणाली. रागाने नाही, आणि तेच वाईट होतं.

"मला वाटलं... मुझे सँभालने को दिया था. मैंने सँभाला."

"सँभालने को नहीं दिया था. खेलने को दिया था. आपने उसको स्वेटर पहनाकर अलमारी में रख दिया."

त्या संध्याकाळी विनयला सगळं आधीच कळलेलं होतं.

"रागावलास?" मी विचारलं.

"नहीं. पर... वह ऐसा नहीं करता, जुई. डर उसको भी लगता है. फिर भी आगे खड़ा रहता है."

"आणि त्याला चालवणारा?"

प्रश्न तोंडातून निघून गेल्यावर मला ऐकू आला.

"सो जाओ," शेवटी तो म्हणाला, "देर हो गई." सव्वासात वाजले होते.

बुधवारी बदलीचा हुकूम आला. सातारा. पुढच्या शनिवारी इथून मोकळी. ऑफिसात सगळ्यांनी हात मिळवले, कोणीतरी मिठाई म्हणून इमरती आणली. आईने फोनवर आधी बाबांना हाक मारली आणि मग रडली. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन बावीस तारखेला होतं, आणि धावपळ करायला आईला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. फक्त तो आनंद एका खोलीत होता आणि मी दुसऱ्या खोलीत.

विनयला संदेश पाठवला, 'बदली झाली. रविवारी कागद परत करते.' बऱ्याच वेळाने उत्तर आलं. 'बधाई.'

रविवारी मी पोचले तेव्हा तो गच्चीवर बसलेला होता. मफलर नव्हता, ऊन आता बोचायला लागलं होतं. शेजारच्या कडुनिंबाची पिवळी पानं चटईवर येऊन पडत होती आणि तो ती एकेक उचलून बाजूला ठेवत होता.

"आलास झाशीहून?" मी विचारलं.

"हाँ."

मी कागद पुढे केला. त्याने हात मागे घेतला. "आज भी तू चला. मैं देखूँगा."

राघवने गोष्ट पुढे नेली. खोल दरी, दोरखंडाचा पूल, मागून शत्रूंची झुंड. चेतना आता एक लंगडी चोर होती आणि पूल ओलांडायला तिला वेळ लागणार होता. मला जास्त विचार करावा लागला नाही.

"कैरव पुलाच्या तोंडाशी थांबतो."

"अकेला?" राघवने विचारलं.

"एकटा. तिला सांगतो, मागे वळून बघू नकोस."

मी फासा टाकला. सोळा. पुन्हा, अकरा. तिसऱ्यांदा चार. चौथ्यांदा दोन.

राघव छान गोष्ट सांगतो. त्याने तो पडण्याचा क्षण घाईने उरकला नाही. नवे बूट, फाटलेलं कांबळं, आणि पलीकडे सुखरूप पोचलेली लंगडी चोर, सगळं सांगितलं. चेतनाने मिरचीचाच हात डोळ्याला लावला आणि मग मिरचीलाच दोष देत बसली. मी विनयकडे बघायचं टाळत होते. पण त्याने पेन्सिल मागितली तेव्हा बघावं लागलं. त्याने कैरवच्या नावावर एक सरळ रेघ ओढली, शांतपणे, आणि म्हणाला, "ऐसा ही था वह."

चहा यायचा होता. मला थांबवेना. मी जिन्याशी आले, चपला घातल्या, आणि पाठोपाठ त्याची पावलं ऐकली. तीन पायऱ्या उतरले आणि वळले. मागे वळून बघू नकोस, हे कैरवने मला सांगितलेलं नव्हतं.

"विनय, झाशीत मेट्रो नाही."

तो वरच्या पायरीवर होता तिथेच उभा राहिला. "कब से पता है?"

"तिसऱ्या रविवारपासून."

"बोलली नाहीस."

"तू तरी कुठे बोललास."

त्याने भिंतीला हात टेकला. मग मराठीत बोलायला लागला, अडखळत, एकेक शब्द पुढे ठेवत. "काम... पंधरा दिवसांत संपलं. तुझा फॉर्म मी वाचला होता. पहिल्याच दिवशी. वाचायला नको होता. त्यात लिहिलं होतं, वडिलांचं ऑपरेशन, आईच्या मदतीला दुसरं कोणी नाही. म्हटलं, ही जाणार. गेलीच पाहिजे. मग रविवारी समोर बसून मी काय करणार? फोनवर... कमी लागेल असं वाटलं."

"लागलं का कमी?"

"नाही."

खाली गल्लीत कोणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती होईना. आम्ही दोघंही तिकडे कान देऊन उभे होतो, जणू ती चालू झाली की आमचंही काहीतरी मार्गी लागेल.

"मला तू आवडतोस," मी म्हटलं. आवाज माझाच होता, जरा पातळ. "कागदावरचा नाही, हा. रांगेत सगळ्यांना पुढे जाऊ देणारा. शनिवारी मी जाणार आहे, तरी सांगतेय. न सांगता गेले असते, तर ही गोष्ट जगात एकट्या मलाच माहीत राहिली असती. तेवढं एकटं आता मला राहायचं नाही."

तो दोन पायऱ्या उतरला. आता त्याचा चेहरा माझ्या समोर होता, आणि त्या चेहऱ्यावर विनम्र असं काहीही नव्हतं.

"मला पण," तो म्हणाला. "तू आवडतेस. खूप." मग, "एक विचारू? मी थांब म्हटलं तर..."

"तरी मी थांबणार नाही."

"माहीत आहे. बावीस तारीख."

"पण म्हण," मी म्हटलं. "मला ऐकायचंय."

त्याने श्वास घेतला. रत्नागिरीची मामेभावंडं, बंबई से हैं का विचारणारे लोक, सगळे बहुतेक त्याच्या घशाशी उभे होते. त्यांना बाजूला करायला त्याला वेळ लागला.

"थांब, जुई."

चांगलं मोठ्याने म्हणाला. वर गच्चीवरची कुजबुज बंद झाली. नऊ महिन्यांत या शहराने मला, कधी जाणार, एवढंच विचारलं होतं.

"नाही," मी म्हटलं, आणि पायरीवर बसले. सरकून बाजूला जागा केली. जिना अरुंद होता. तो बसला तेव्हा त्याचा खांदा माझ्या खांद्याला टेकला आणि टेकलेलाच राहिला. त्याच्या शर्टाला पेन्सिलच्या लाकडाचा आणि पेरूचा वास येत होता. स्कूटर कधीतरी चालू झाली आणि निघून गेली.

वरून चेतनाचा आवाज आला, "चले गए क्या दोनों?"

"पता नहीं," राघव म्हणाला. "चाय ढक दो."